क्रेट इंजिन

क्रेट इंजिन : अमेरिकेतील छोट्या ट्रॅकवरच्या (एक मैलाहून, म्हणजे सु. १.६ किमी.हून कमी लांबीच्या) स्टॉक कार (बाजारात विकल्या जाणाऱ्या मोटारींवर आधारलेल्या गाड्यांच्या) शर्यतींत वापरले जाणारे, कारखान्यात जुळवून सीलबंद केलेले इंजिन. ते खोक्यात भरून येते, म्हणून हे नाव. मात्र शर्यतीच्या संदर्भात खोक्यापेक्षा सीलला महत्त्व आहे : सीलमुळे इंजिनात फेरफार करता येत नाहीत आणि शर्यतीचा खर्च आटोक्यात राहतो.

शर्यतींतील अशा खर्चनियंत्रणाची सुरुवात कोठून धरावी याबाबत एकमत नाही. काही जण ती १९ जून १९४९ पर्यंत मागे नेतात. त्या दिवशी शार्लट येथील पाऊण मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर नॅसकार या संयोजक संस्थेची पहिली ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ (फेरफार न केलेल्या मूळ गाड्यांची) शर्यत झाली. ग्लेन डनवे पहिला आला, पण तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगा चोरटी दारू वाहणाऱ्या गाड्यांप्रमाणे कडक केलेल्या आढळल्या. विजय लिंकन चालवणाऱ्या जिम रोपरला देण्यात आला. गाडीचा मालक ह्यूबर्ट वेस्टमोरलँड न्यायालयात गेला, पण दावा फेटाळला गेला. नियम ठरवण्याचा आणि तपासण्याचा संयोजकांचा अधिकार त्यामुळे बळकट झाला. तरी तेथे प्रश्न गाडी मूळची असण्याचा होता, पैशाचा नव्हे. म्हणून खर्चनियंत्रणाचा आरंभ ‘क्लेम’ (प्रतिस्पर्ध्याचे इंजिन ठरावीक रकमेत मागण्याच्या) नियमापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

क्लेमची कल्पना घोड्यांच्या शर्यतीतून आली असावी. तेथे क्लेमिंग शर्यतीतला घोडा आधी जाहीर केलेल्या किमतीला विकत घेता येतो. १९७९ मध्ये आयोवातील व्हिंटन येथे आयएमसीए या संस्थेने (स्था. १९१५) ‘मॉडिफाइड’ हा स्वस्त वर्ग सुरू केला. पुढे आघाडीवर आलेल्या गाडीचे इंजिन प्रतिस्पर्ध्याला ठरावीक रकमेत मागता येणे ही त्या वर्गाची ओळख बनली. नकार दिल्यास बक्षीस आणि गुण जात. काही शे डॉलरांत हातचे जाऊ शकणाऱ्या इंजिनावर हजारो डॉलर कोण घालणार? अडचण माणसांची होती. गावच्या ट्रॅकवर सगळे एकमेकांना ओळखतात. शेजाऱ्याचे इंजिन सर्वांदेखत मागून नेणे सोपे नसते.

सीलबंद इंजिनाने हा भार शेजाऱ्याच्या खांद्यावरून काढला. एएसए या संस्थेने २००० मध्ये आपल्या राष्ट्रीय मालिकेसाठी इंधन-अंतःक्षेपणाचे एकच सीलबंद व्ही-८ इंजिन लागू केले. स्थानिक ट्रॅकवर मात्र जनरल मोटर्सची ६०२ व ६०४ ही इंजिने रुजली. भागक्रमांकातील शेवटचे तीन अंक हेच त्यांचे नाव. दोन्ही ३५० घन इंचांची (सु. ५.७ लि.). ६०२ ला बिडाची हेडे (सिलिंडरांवरची झाकणे) व सु. ३५० अश्वशक्ती, ६०४ ला ॲल्युमिनियमची हेडे व सु. ४०० अश्वशक्ती. मातीच्या ट्रॅकवरील ‘सुपर लेट मॉडेल’ या वरच्या वर्गातील गाड्यांची खुली (सील नसलेली) इंजिने ८०० अश्वशक्तीच्या पुढे जातात. फोर्डनेही या प्रकारची सीलबंद इंजिने काढली.

सील म्हणजे खास बोल्ट. इनटेक, हेड, टायमिंग कव्हर आणि ऑइल पॅन या जागी ते असतात. आवळताना ठरावीक ताणाला बोल्टचे षटकोनी डोके तुटून पडते व मागे गोल, गुळगुळीत टोपी उरते. तिच्यावर पाना धरत नाही. पुढे नकली बोल्ट निघाले, तेव्हा काही संस्थांनी स्वतःची क्रमांकित सीले आणली. दुरुस्तीसाठी इंजिन खोलायचे तर ते अधिकृत दुरुस्तीकाराकडेच, आणि तोच नवे सील लावतो. ट्रॅकवरील तपासनीस व्हॉल्व्हची उचल डायल गेजने मोजतो. स्पार्क प्लगच्या भोकाला लावायच्या ‘व्हिसलर’ या उपकरणाने इंजिन न खोलता संपीडन-गुणोत्तरही कळते. ज्या नियमाची तपासणी शर्यतीच्या रात्री पिटमध्येच (ट्रॅकलगतच्या गाड्या तयार करण्याच्या जागेत) उरकते तोच टिकतो, आणि क्रेट इंजिनाचे खरे बळ यातच आहे.

इंजिनावर बंधन आल्यावर पैसा शॉक ॲब्सॉर्बर आणि टायरांकडे वळला. त्यामुळे अनेक संस्थांनी टायरचा एकच प्रकार ठरवला. रबराचा कठीणपणा ड्युरोमीटरने पाहतात. रसायनात भिजवून टायर मऊ केल्याचा संशय आल्यास तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवतात. डांबरी ट्रॅकवरील लेट मॉडेल गाड्यांच्या बॉडीचे प्रमाणीकरण ‘एबीसी’ या मान्य आराखड्याने, साधारणतः १९९० च्या दशकात रूढ झाले.