दोन फोटो एकत्र करून घेण्यापूर्वी

चतुर्थीला सगळे कुटुंब माटोळीजवळ, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या छताजवळ, उभे राहते, आखातात नोकरीला असलेला मुलगा तेवढा नसतो. त्याला या फोटोत बसवून द्या, असे सांगत बरेच ग्राहक आमच्याकडे येतात. हे काम मास्कने होते.

आम्ही फोटो कापून चिकटवत नाही. दोन्ही फोटो लेयर म्हणजे थर म्हणून एकावर एक ठेवतो आणि वरच्याला मास्क जोडतो. मास्क म्हणजे त्याच मापाचे काळे-पांढरे चित्र. मास्क पांढरा तिथे वरचा फोटो दिसतो. काळा तिथे तो लपून खालचा दिसतो, आणि करड्या भागात दोन्ही मिसळतात. नेहमीच्या ८ बिटच्या फाइलमध्ये अशा एकूण २५६ छटा मिळतात. मिरामारच्या संध्याकाळच्या आकाशात मंगेशीचा दीपस्तंभ हळूहळू उमटायला हवा असेल, तर मास्कवर ग्रेडियंट, म्हणजे काळ्यातून हळूहळू पांढऱ्यात जाणारा पट्टा, ओढला की झाले. माणसाच्या कडा मात्र ब्रशनेच रंगवाव्या लागतात. मोकळ्या केसांना सर्वांत जास्त वेळ लागतो.

मूळ फोटोतले काहीही यात पुसले जात नाही. चुकून लपलेला हात मास्कवर पांढरा ब्रश फिरवला की परत दिसतो. म्हणून नमुना पाहून बदल निःसंकोच सांगा. जेपीजीत लेयर राहत नाहीत, तेव्हा पुढे बदल करायचे असतील तर लेयर जपणारी पीएसडी फाइलही मागून घ्या. घरी करून पाहायचे असेल तर जिम्प हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे.

मास्कने उजेड मात्र जुळत नाही, आणि फोटो खोटा वाटतो तो बहुतेक वेळा उजेडामुळेच. घरच्यांवर दारातून डावीकडचे ऊन आणि मुलाच्या डोक्यावर ट्यूबलाइट असेल, तर नाकाची सावलीच सगळे सांगून टाकते. रंग आम्ही सुधारू, सावलीची दिशा बदलणे फार कठीण. फोटो आरशासारखा उलटवता येतो, पण मग शर्टाचा खिसा उजवीकडे जातो आणि त्यावरची अक्षरे उलटी होतात. त्यापेक्षा घरचा फोटो आधी मुलाला पाठवा. उजेड त्याच बाजूने येईल असा खिडकीजवळ तो उभा राहू दे, कॅमेरा तेवढ्याच उंचीवर धरू दे. घरचे पायांपर्यंत दिसत असतील तर त्याचेही पाय फोटोत हवेत. नाहीतर त्याला मागच्या रांगेत घ्यावे लागते.

व्हॉट्सॲपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला की लहान होतो. १२ बाय १८ इंचाच्या प्रिंटला ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात.

दिवंगत आजी-आजोबांचा जुना फोटो पावसाळ्यातल्या दमटपणाने काचेला चिकटला असेल, तर ओढून काढू नका, चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो. फ्रेमसकट घेऊन या, आम्ही काचेवरूनच त्याचा फोटो काढून घेऊ.