सेंद्रिय कापसाचे पर्यावरणीय मोजमाप: एका आकड्याची पार्श्वभूमी

सेंद्रिय कापसाला नेहमीच्या कापसापेक्षा 91 टक्के कमी पाणी लागते, हे विधान गेल्या दहा-बारा वर्षांत कापडाच्या लेबलांवर सर्रास छापले गेले. सोलापूरच्या टॉवेल आणि चादर उत्पादकांपुढेही परदेशी खरेदीदारांच्या मागण्यांमधून सेंद्रिय सुताचा विषय येतो, म्हणून हा आकडा आला कुठून आणि त्यात नेमके काय मोजले आहे, हे पाहणे उपयोगाचे ठरेल.

वस्तूचा कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंतचा पर्यावरणावरील भार मोजण्याच्या पद्धतीची, म्हणजे जीवनचक्र मूल्यमापनाची, सुरुवात साधारणपणे 1969 मध्ये कोका-कोला कंपनीने बाटल्या आणि डब्यांची तुलना करण्यासाठी करवून घेतलेल्या अभ्यासापासून मानली जाते. 1997 मध्ये आयएसओ 14040 हे आंतरराष्ट्रीय मानक आले आणि या पद्धतीला शिस्त लागली. पाण्याचा हिशोब मात्र वेगळ्या वाटेने आला. नेदरलँड्सचे आर्येन हुकस्ट्रा यांनी 2002 मध्ये जलपदचिन्हाची, म्हणजे एखादी वस्तू तयार होईपर्यंत एकूण किती पाणी लागते याच्या हिशोबाची, कल्पना मांडली आणि पुढे पावसाचे पाणी हिरवे, नदी-विहिरी-धरणांतून उपसलेले पाणी निळे, तर प्रदूषण सौम्य करण्यास लागणारे पाणी करडे, अशी विभागणी रूढ झाली. एका सुती टी-शर्टमागे 2,700 लिटर पाणी, हा सर्वत्र फिरणारा आकडा याच परंपरेतला असून त्यात तिन्ही रंगांचे पाणी मिसळले आहे, हे सहसा सांगितले जात नाही.

याच काळात प्रमाणीकरणाची व्यवस्था उभी राहिली. भारतात सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम 2001 च्या सुमारास सुरू झाला आणि 2005 मध्ये सेंद्रिय कापडासाठी गॉट्स (GOTS) हे जागतिक मानक आले. शेती आणि प्रक्रिया ठरलेल्या रीतीने झाली, एवढीच ग्वाही प्रमाणपत्र देते. पर्यावरणावरील भार किती कमी झाला, हे ते मोजत नाही. शिवाय ती ग्वाहीसुद्धा नेहमी पक्की नसते: 2020 मध्ये गॉट्सनेच भारतातील सुमारे 20,000 टन कापसाची सेंद्रिय प्रमाणपत्रे बनावट असल्याचे जाहीर केले होते.

मोजमापाची उणीव भरून काढण्यासाठी टेक्स्टाइल एक्स्चेंज या संस्थेने 2014 मध्ये पाच देशांतील सेंद्रिय कापसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. 1,000 किलो रुईमागे 182 घनमीटर निळे पाणी, असा त्याचा निष्कर्ष होता. नेहमीच्या कापसाच्या आधीच्या एका अभ्यासातील 2,120 घनमीटरशी त्याची तुलना झाली आणि 91 टक्क्यांचा जन्म झाला. खरी अडचण या तुलनेत आहे. सेंद्रिय कापसाची निवडलेली क्षेत्रे मोठ्या प्रमाणात पावसावर अवलंबून होती, तर दुसऱ्या बाजूच्या सरासरीत ओलिताचा कापूस बराच होता. म्हणजे या फरकाचा मोठा वाटा हवामानाचा आणि सिंचनाचा आहे, शेतीच्या पद्धतीचा नव्हे. विदर्भात बहुतेक कापूस कोरडवाहूच असतो, मग तो सेंद्रिय असो वा रासायनिक. तिथे निळ्या पाण्यातला फरक इतका मोठा निघण्याचे कारणच उरत नाही. दर किलोमागे हिशोब करताना उत्पादनही पाहावे लागते, कारण सेंद्रिय शेतात एकरी उतारा कमी आला, तर जमिनीचा भार कमी रुईवर वाटला जातो. सरकीचाही प्रश्न आहेच: वेचलेल्या कापसाच्या वजनात सरकीचा वाटा सुमारे दोन तृतीयांश असतो, त्यामुळे शेतीचा भार रुई आणि सरकीत वजनाने वाटला तर रुई हलकी ठरते आणि किमतीने वाटला तर जड.

हे सारे आक्षेप 2022 मध्ये चव्हाट्यावर आले. नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने एका वस्त्र कंपनीने हिग निर्देशांकाच्या (कापडाचा पर्यावरणीय भार मोजण्याच्या वस्त्रोद्योगातील एका साधनाच्या) आधारे सेंद्रिय सुती टी-शर्टबद्दल केलेला पर्यावरणीय दावा दिशाभूल करणारा ठरवला आणि त्यानंतर निर्देशांकाच्या चालकांनी ग्राहकांसमोरील त्याचा वापर थांबवला. भारतातही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये अशा दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली असून दाव्याला पडताळता येणारा पुरावा मागितला आहे.

सोलापूरसाठी याहून महत्त्वाची बाब अशी की 2014 च्या अभ्यासाची हद्द जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, फाटकाशीच संपते. सूतकताई, सायझिंग (सुताला खळ लावणे), रंगणी, यंत्रमागाची वीज यांतले काहीच त्यात नाही. इथल्या चादरीचे सूत आधी रंगते आणि मग मागावर चढते; रिॲक्टिव्ह रंग सुतावर बसवताना मीठ लागते, न बसलेला रंग काढण्यासाठी पुन्हा पुन्हा धुवावे लागते आणि ते खारट, रंगीत पाणी प्रक्रियेविना सोडता येत नाही. उजनी धरणावर तहान भागवणाऱ्या शहरात हे पाणी आणि 91 टक्क्यांतले पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे इथला उत्पादक तो आकडा टॉवेलवर छापतो, तेव्हा तो दुसऱ्याच्या शेताबद्दल बोलत असतो. स्वतःच्या मालाबद्दल बोलायचे, तर किलोमागे रंगणीला लागलेले पाणी, बॉयलरचे इंधन, मागांची युनिटे आणि सांडपाण्यातील क्षार, या नोंदी त्याला आपल्याच कारखान्यात ठेवाव्या लागतील.