तान्हं बाळ आणि आजी-आजोबांसह समुद्रकिनारी: मुक्कामाला येण्याआधी वाचा

बाळ आणि वयस्क माणूस सोबत असेल तर सगळा दिवस वाळूत काढायचा बेत करू नका. दोन फेऱ्या करा. सकाळी ऊन चढायच्या आत दीड-दोन तास आणि दुपारी चारनंतर तेवढाच वेळ. दहा ते चार या वेळात अतिनील किरण सर्वांत तीव्र असतात. बाळाची दुपारची झोप आणि आजी-आजोबांची विश्रांतीही त्यातच बसते. रडारड आणि चिडचिड बहुतेक वेळा ‘आलोच आहोत तर अजून थोडं थांबू’ म्हणत झोपेची वेळ टळली की सुरू होते.

आधी भरतीची वेळ बघा

बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीनंतर दुसरी सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते. म्हणजे रोजची वेळ जवळपास ५० मिनिटांनी पुढे सरकते. पहिल्या दिवशी सकाळी सातला असलेली सोयीची ओहोटी चार दिवसांनी दहाच्या पुढे गेलेली असते, त्यामुळे पहिल्या दिवसाचा बेत शेवटच्या दिवशी चालत नाही. तुमच्या तारखांचं वेळापत्रक आम्ही बुकिंगसोबत पाठवतो.

पाणी एका चालीने चढत नाही. सहा तासांच्या भरतीत मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मी वाढ होते. सपाट किनाऱ्यावर तेवढ्यात पाणी बरंच आत येतं, आणि मांडीवर बाळ घेऊन बसलेल्या आजींना झटकन उठता येत नाही. वाळूवर सुकलेलं शेवाळ, काटक्या आणि शिंपल्यांची ओळ दिसते ना, तिच्या वरच्या बाजूला बसा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा आणखी वर.

सावली

छत्री वरून येणारं ऊन अडवते, वाळूवरून परतणारं नाही. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परत फेकते. म्हणून छत्रीखालीही बाळाला रुंद काठाची टोपी आणि अंगभर सैल सुती कपडे हवेत. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीनच्या भरवशावर उन्हात नेऊ नका, सावली आणि कपडे हाच उपाय. त्याहून मोठ्या बाळाला आणि बाकी सगळ्यांना एसपीएफ ३० किंवा अधिक, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा.

बाबागाडीवर ओढणी किंवा पंचा टाकून सावली करू नका. आतली हवा कोंडते आणि बाहेरच्यापेक्षा खूप तापते. छोटा तंबू लावलात तर दोन बाजू उघड्या ठेवा. छत्रीचा दांडा निदान ४५ सेंटिमीटर खोल जायला हवा आणि छत्री वारा येतो त्या बाजूला थोडी कललेली हवी. उडती वाळू पोटऱ्यांना टोचू लागली की छत्री मिटा, उडालेली छत्री माणसाला जखमी करते.

बाळ

बाळाला लाटांत नेण्याची गरज नाही. सावलीत उथळ टब ठेवून दोन-तीन सेंटिमीटर पाणी पुरे. पण बाळ हाताच्या अंतरात राहील असं बसा, इतक्याशा पाण्यातही बाळ बुडू शकतं. पोहण्याचा डायपर लघवी धरून ठेवत नाही, म्हणून तो पाण्याजवळ आल्यावरच घाला. साधा डायपर मात्र समुद्राचं पाणी पिऊन फुगतो आणि मांड्यांना घासतो.

मांड्यांच्या घड्यांत अडकलेली वाळू ओल्या वाइप्सने पुसली तर कण कातडीवर घासले जातात आणि लालसर चट्टे उठतात. अंग आधी सुकू द्या, मऊ कोरड्या फडक्याने हलकेच झटका, उरलेली वाळू खोलीवर भरपूर पाण्याने जाऊ द्या. डोळ्यांत वाळू गेली तर चोळू नका, स्वच्छ पाण्याची धार सोडा.

सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी देऊ नका, दूधच थोड्या थोड्या वेळाने पाजा. लघवी कमी होणं, मलूल पडणं, टाळू खोल जाणं ही शरीरातलं पाणी कमी झाल्याची लक्षणं आहेत. ती दिसली की लगेच डॉक्टर गाठा.

आजी-आजोबा

कोरड्या वाळूत घोटा मुरगळतो आणि लवकर दम लागतो. चालायला ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू उत्तम. काठीचं टोक रुततं, म्हणून तिच्या बुडाला रुंद रबरी टोपी बसवा. साध्या व्हीलचेअरची अरुंद चाकंही रुततात, वाळूसाठी फुगीर जाड चाकांची वेगळी खुर्ची मिळते. बसायला जमिनीलगतची खुर्ची नको, सुमारे ४५ सेंटिमीटर उंचीची आणि हात असलेली हवी. पायांखाली फळी सरकवा, नाहीतर उठताना एकच पाय खचतो आणि खुर्ची कलंडते.

गुडघ्याएवढ्या पाण्यात उभं राहणाऱ्यांचा तोल बहुधा परतणाऱ्या लाटेत जातो. लाट मागे जाताना टाचांखालची वाळू ओढून नेते आणि माणूस मागे झुकतो. थोडं आडवं, पाय फाकवून उभं राहावं, समुद्राकडे पाठ करू नये आणि एका हाताला कुणीतरी धरलेलं असावं. कडेवर बाळ असताना मात्र पाण्यात उतरू नये.

मधुमेहात पावलांची जाणीव कमी झालेली असेल तर अनवाणी चालणं टाळा, तापल्या वाळूने फोड येतात तेही कळत नाही. वापरातलं इन्सुलिन गाडीत किंवा उन्हातल्या पिशवीत ठेवू नका, बर्फाला चिकटवूनही नको. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उकाड्यात चक्कर येऊ शकते. पाणी किती प्यावं हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. गोळ्या मनाने बंद करू नका. उतारवयात तहान उशिरा कळते, म्हणून पाणी आपण हातात द्यावं. बोलण्यात गोंधळ, अंग कढत ही उष्माघाताची चिन्हं आहेत. सावलीत न्या, अंग ओलं करून वारा घाला आणि रुग्णवाहिका बोलवा.

जेलीफिशचा दंश झाला तर जागा वाळूने चोळू नका, गोडं पाणीही लावू नका. समुद्राच्या पाण्याने धुवा, तंतू चिमट्याने काढा आणि जीवरक्षकाला दाखवा.

बुकिंग करताना बाळाचं वय महिन्यांत कळवा. आजी-आजोबांना किती पायऱ्या चढता येतात, काठी लागते का, न्हाणीघरात धरायला दांडी हवी का, हेही लिहा. तळमजल्यावरच्या खोल्या मोजक्याच आहेत, त्या याच माहितीवरून देतो.