बाटलीला बूच बसवणे (घरगुती बिअर व सायडर)

घरी आंबवलेली बिअर किंवा सफरचंदाचे सायडर बाटलीत भरून तिच्या तोंडावर दातेरी कडेचे पत्र्याचे बूच दाबून बसवण्याची क्रिया. भरताना बाटलीत थोडे यीस्ट जिवंत असते. ते साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडते आणि बुचामुळे बाहेर पडायला वाट न मिळालेला हा वायू पेयात मुरतो. फेस येतो तो त्यामुळेच.

बडोद्यात बिअर-सायडरच्या बाबतीत हा उद्योग गुन्हा आहे. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९६० साली गुजरात वेगळे झाल्यावरही तो तिथे चालू राहिला. २०१७ च्या दुरुस्तीनंतर दारू बनवणाऱ्याला १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याच्या व्याख्येत अल्कोहोल असलेले सगळेच द्रव येतात. तेव्हा यीस्ट घालून केलेली जिंजर बिअर ‘नुसते आल्याचे पाणी’ म्हणून सुटेल, असे धरून चालू नये. रावपुऱ्यात, दांडिया बाजारात हे बूच लहानथोरांच्या ओळखीचे आहे ते सोड्याच्या बाटलीमुळे. सोड्यात वायू यंत्राने भरतात, आंबवण्याचा संबंध नाही. बिअरच्या बाटल्यांची हकीकत कानावर येते ती बहुधा परदेशी असलेल्या भाच्या-पुतण्यांकडून.

हे बूच बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर यांनी काढले. पेटंट १८९२ चे. सुरुवातीला त्याला २४ दाते होते, पुढे २१ रूढ झाले. आतली कॉर्कची चकती जाऊन प्लास्टिकचे अस्तर आले, पण रचना तीच राहिली. नेहमीच्या बाटलीला २६ मिमीचे बूच लागते. युरोपातल्या काही जाड, शॅम्पेनच्या घाटाच्या बाटल्यांना २९ मिमीचे लागते आणि त्यासाठी कॅपरचा, म्हणजे बूच दाबून बसवण्याच्या यंत्राचा, साचाही वेगळा हवा.

कॅपर दोन तऱ्हेचे. दोन दांड्यांचा हातकॅपर बाटलीच्या मानेवरचे कडे पकडतो आणि दांडे खाली दाबले की बुचाची कड आवळतो. तो स्वस्त, पण बाटलीचे कडे बारीक किंवा वेडेवाकडे असेल तर निसटतो, प्रसंगी काच तडकते. टेबलावर उभा राहणारा एका दांड्याचा कॅपर मानेला हात लावत नाही, वरून सरळ दाबतो. बाटल्या बऱ्याच असतील तर पैसे त्याच्यावरच घालावेत. पिळून उघडायच्या, आट्यांच्या तोंडाच्या बाटल्या या कामाला घेऊ नयेत. बूच बसल्यासारखे दिसते, वायू मात्र हळूहळू निघून जातो.

खरी मेख साखरेत आहे. दर लिटरला सुमारे ४ ग्रॅम साखर आंबली की पेयाच्या आकारमानाइतका वायू तयार होतो. नेहमीच्या बिअरला अडीचपट लागतो. थोडा आधीच विरघळलेला असतो, म्हणून वरून ६-७ ग्रॅम पुरतात. चमच्याने अंदाजे घालण्यापेक्षा सगळ्या बिअरमध्ये पाक एकदम मिसळणे बरे, नाहीतर एक बाटली मुळमुळीत निघते आणि दुसरी बाँब. मूळ आंबवण पुरते संपण्याआधी बाटल्या भरल्या तर हिशेब कितीही चोख असो, दाब वाढतच जातो. उष्णतेने तो आणखी चढतो: २० अंश सेल्सिअसला दोन बारच्या (बार हे दाबाचे एकक) आत असलेला दाब ४० अंशांना जवळजवळ दुप्पट होतो. बडोद्याच्या मे महिन्यात सोड्याचे क्रेट सावलीत ठेवतात ते काही उगाच नाही.

बाटली काठोकाठ भरत नाहीत, वर दोन-अडीच सेंटिमीटर जागा सोडतात. बूच आधी नुसते ठेवून, फेस वर आला की दाबले तर आतली हवा बाहेर जाते आणि ऑक्सिजनने चव बिघडण्याचा धोका कमी होतो. ऑक्सिजन शोषणारी बुचे ओली झाली की कामाला लागतात; ती आदल्या रात्री भिजवून ठेवली तर जादा पैसे वाया.

सायडरची अडचण निराळी. यीस्ट सफरचंदातली जवळपास सगळी साखर फस्त करते आणि पेय कोरडे, म्हणजे गोडी नसलेले, होते. गोड हवे म्हणून बूच लावताना जास्तीची साखर घातली तर तीही आंबते आणि बाटली फुटू शकते. त्यासाठी न आंबणारा गोडवा वापरतात, किंवा हवा तेवढा वायू झाल्यावर बाटल्या गरम पाण्यात ठेवून यीस्ट मारतात. हे दुसरे काम जोखमीचे, कारण तापताना दाब सर्वांत जास्त असतो. एखादी बाटली उघडताच उसळली तर त्या खेपेच्या बाकीच्या बाटल्या आधी थंड करतात, बुचांची कड ओपनरने किंचित उचलून वायू सोडतात आणि नवी बुचे बसवतात. हे करताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.