कापसाची आवक आणि गाठींचे प्रेसिंग: हंगामाचे दोन वेगळे हिशेब

२०२४-२५ च्या हंगामाबद्दल केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने दिलेली माहिती अशी होती की, ३१ मार्च २०२५ पर्यंत सीसीआयने, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाने, ५२५ लाख क्विंटल कापूस, म्हणजेच १०० लाख गाठी, हमीभावाने खरेदी केल्या, देशातील आवक २६३ लाख गाठी झाली आणि उत्पादनाचा अंदाज २९४.२५ लाख गाठींचा होता. हे आकडे वाचून मार्चअखेर देशात २६३ लाख गाठी बांधून तयार होत्या असा समज कोणाचाही होईल, परंतु तो बरोबर नाही. आवक गाठींत सांगितली जात असली, तरी बाजारात येतो तो सरकीसह कापूस. तो जिनमध्ये, म्हणजे सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, जाऊन त्यातून रुई निघते आणि ती दाबून बांधली जाते, म्हणजे तिचे प्रेसिंग होते, तेव्हाच गाठ होते.

आवकेचा आकडा तयार होतो तो बाजार समित्यांच्या, खरेदी केंद्रांच्या आणि जिनच्या दारात उतरलेल्या मालाच्या वजनावरून. त्या क्विंटलांना एका ठरावीक उताऱ्याने (कापसातील रुईच्या प्रमाणाने) गुणले जाते आणि १७० किलोने भागले जाते, कारण भारतात गाठ १७० किलो रुईची धरतात. प्रेसिंगचा आकडा मात्र मोजणीचा असतो. प्रेसमधून बाहेर पडलेल्या प्रत्येक गाठीला क्रमांक आणि वजन असते, आणि सीसीआयच्या गाठींवर तर आता माग काढता येण्यासाठी क्यूआर कोडही लावतात. आवक हा गुणाकार आहे आणि प्रेसिंग ही मोजणी आहे, आणि त्यांच्यातील बहुतेक गोंधळ गुणाकारात धरलेल्या उताऱ्यातून सुरू होतो.

उतारा म्हणजे शंभर किलो कापसातून निघणारी रुई. साधारणपणे तो ३३ ते ३६ टक्क्यांच्या आसपास असतो. उरलेल्या वजनातील फार मोठा वाटा सरकीचा आणि थोडा घटीचा. ३४ टक्के उतारा धरला तर एका गाठीला बरोबर ५ क्विंटल कापूस लागतो, म्हणून १० लाख क्विंटल आवकेच्या २ लाख गाठी होतात. उतारा ३३ टक्के निघाला तर त्याच कापसाच्या सुमारे १ लाख ९४ हजार गाठी भरतात, म्हणजे एका टक्क्याने जवळपास ६ हजार गाठी कमी झाल्या, आणि शेतातून आलेला माल मात्र तितकाच राहिला. वर दिलेल्या सीसीआयच्या आकड्यांनाच हे गणित लावून पाहावे. ५२५ लाख क्विंटलांच्या १०० लाख गाठी म्हणजे गाठीमागे सव्वापाच क्विंटल, अर्थात साडेबत्तीस टक्क्यांच्या आतला उतारा. पाच क्विंटलांचा हिशेब धरला असता तर त्याच खरेदीच्या १०५ लाख गाठी झाल्या असत्या. आकडे पूर्णांकात मांडलेले असतील हे गृहीत धरूनही पाच लाख गाठींचा फरक लहान म्हणता येत नाही.

त्यातही उतारा हंगामभर एकसारखा राहत नाही. दिवाळीच्या सुमारास येणाऱ्या पहिल्या वेचणीच्या कापसात ओलावा जास्त असतो, आणि सीसीआय ८ ते १२ टक्के ओलाव्याच्या मर्यादेत खरेदी करते ती याचमुळे. वजनकाट्यावर भरलेले पाणी आवकेत मोजले जाते, पण ते गाठीत उतरत नाही. पुढे थंडीत कापूस सुकतो, शेवटच्या वेचण्यांत आणि फरदडीत, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेल्या पिकात, कवडी (खराब, डागाळलेला कापूस) वाढते, बोंडअळीचा प्रादुर्भाव असेल तर रुई आणखी घटते. वाण आणि जमीन यांचा फरक वेगळाच. एकच टक्केवारी ऑक्टोबरपासून मेपर्यंत लावणारा कोणताही आवक-अहवाल त्यामुळे सावधपणे वाचावा लागतो.

दोन्ही आकड्यांत काळाचेही अंतर असते. नोव्हेंबर ते जानेवारी या गर्दीच्या महिन्यांत जिनच्या आवारात कापसाचे ढीग साचतात. तो माल आवकेत मोजला गेलेला असतो आणि प्रेसिंगमध्ये अजून आलेला नसतो. याउलट शेतकऱ्याच्या घरात पडलेला कापूस या दोन्हींपैकी एकाही आकड्यात नसतो. २०२१-२२ च्या विक्रमी दरांनंतर २०२२-२३ मध्ये अनेक शेतकऱ्यांनी भाव वाढेल या आशेने कापूस घरी ठेवला, हिवाळ्यात आवक मंद दिसली आणि माल उन्हाळ्यापर्यंत येत राहिला. कमी आवक म्हणजे कमी पीक असा अर्थ त्या वर्षी ज्यांनी काढला असेल, त्यांची फसगत झाली असणार.

जिल्हा किंवा राज्य पातळीवर हे दोन आकडे शेजारी ठेवताना तर अधिकच जपावे लागते. विदर्भ आणि खानदेशातील कापूस गुजरातेत किंवा तेलंगणात जाऊन पिंजला जातो, तेव्हा पीक इथले असते आणि गाठी मात्र तिथल्या प्रेसच्या नोंदीत जातात. खेडा खरेदीचा, म्हणजे व्यापाऱ्यांनी गावातच घेतलेला, माल बाजार समितीच्या नोंदीत येतोच असे नाही आणि एका बाजारातून उचललेला माल दुसरीकडे पुन्हा विकला गेला तर तो दोनदा मोजला जाऊ शकतो. प्रेसिंगमध्ये असे दोनदा मोजले जाण्याची शक्यता कमी, म्हणूनच की काय, मुंबईची कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया अलीकडच्या अंदाजांत प्रेसिंग हाच शब्द वापरते. गाठी मोजण्याची ही कल्पना जुनीच आहे, कारण १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्यातच प्रेसवाल्यांनी बांधलेल्या गाठींचा साप्ताहिक अहवाल द्यावा अशी तरतूद होती.

अमेरिकेत ही जोडगोळी निर्माणच होत नाही. तेथील शेतकरी सरकीसह कापूस विकत नाही. तो जिनमधून स्वतःच्या मालकीच्या गाठी करून घेतो आणि त्या विकतो, त्यामुळे आवक मोजण्याची जागाच उरत नाही आणि सरकारी कृषी सांख्यिकी विभाग हंगामात ठरावीक तारखांना जिनिंग झालेल्या गाठी जाहीर करतो. मात्र ते आकडे वाचताना गाठीचे वजन पाहावे, कारण अमेरिकेच्या आकडेवारीतील प्रमाण गाठ ४८० पौंडांची, म्हणजे सुमारे २१८ किलोंची असते, तर प्रत्यक्ष बांधलेल्या गाठी वजनाने थोड्या कमी-जास्त भरतात.

सूतगिरणीला प्रेसिंगचा आकडा उपयोगी पडतो, कारण तिला विकत घ्यायची असते ती रुई. भावाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला त्याहून रोजच्या आवकेचा वेग महत्त्वाचा, कारण भावावर तात्काळ दाब येतो तो आवकेचाच. हंगाम १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असा धरला जात असल्याने मागील पिकाचा उरलेला कापूस ऑक्टोबरमध्ये पिंजला गेला, तर त्याच्या गाठी नव्या हंगामाच्या प्रेसिंगमध्ये जमा होतात. वर्षावर्षांची तुलना करताना ऑक्टोबरचे प्रेसिंग म्हणूनच वेगळे काढून पाहावे.