ऑप्शनला टाकलेलं प्रकरण: मूल्यनिर्धारणाच्या शिक्षणाची पार्श्वभूमी

सिव्हिलच्या डिप्लोमाला एस्टिमेटिंग-कॉस्टिंगचा पेपर असायचा. खोदकामाची मापं काढा, विटांची संख्या काढा, सळईचं वजन काढा, आणि हे सगळं उरकल्यावर पुस्तकाच्या शेपटाला व्हॅल्युएशनचं एक प्रकरण. आमच्या वर्गाने ते एकमताने ऑप्शनला टाकलं होतं. पुढे त्याच वर्गातल्या तिघाचौघांनी बँकांच्या पॅनेलवरचे व्हॅल्युअर, म्हणजे मालमत्तेची किंमत ठरवून देणारे, म्हणून संसार उभे केले आणि ते प्रकरण वयाच्या पस्तिशीत उघडलं.

घर, जमीन, दुकान यांची किंमत ठरवणं हा आता विद्यापीठात शिकायचा विषय आहे. पण तो वर्गात जन्मला नाही. महसूल कचेरी, कोर्ट आणि करखातं यांनी त्याला वाढवलं. विद्यापीठ उशिरा, जवळजवळ नाइलाजाने आलं. गंमत म्हणजे आपल्याकडे या विद्येचा आधुनिक अवतार कॉलेजातल्या पुस्तकातूनच उतरला होता, आणि उतरताच तोंडावर आपटला होता.

ती गोष्ट पुणे जिल्ह्यातली. मलिक अंबरचा तनखा, पेशवाईतला कमाल अशा जुन्या आकारण्या कंपनी सरकारला वारशाने मिळाल्या होत्या, पण कोणत्या जमिनीला किती सारा पेलवेल हे साहेबाला कळत नव्हतं. १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे मोजणी आणि आकारणीचं काम आलं. प्रिंगल इंग्लंडातल्या हेलीबरीच्या कॉलेजात शिकलेला. कंपनीचे मुलकी अधिकारी तिथे तयार होत आणि अर्थशास्त्र शिकवायला लोकसंख्येच्या सिद्धांताने गाजलेला खुद्द माल्थस असे. रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाचा खंडाचा सिद्धांत तेव्हा ताजा होता: चांगल्या जमिनीत सगळा खर्च वजा जाता जे उरतं तो खंड, आणि त्यातून सरकारने हिस्सा घेतला तर शेतकऱ्याच्या मजुरीला आणि नफ्याला धक्का लागत नाही. प्रिंगलने हेच इथे लावायचं ठरवलं. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं पीक किती, बी किती, बैलांचा खर्च किती, मजुरी किती, हे काढून निव्वळ उत्पन्न ठरवायचं आणि त्याचे ५५ टक्के सरकारचे.

कागदावर बिनचूक. पण बैलाचा खर्च सांगणारा शेतकरी, तो लिहून घेणारा कारकून आणि तो तपासणारा अंमलदार यांच्यामध्ये काय काय घडू शकतं, हे हेलीबरीच्या अभ्यासक्रमात नव्हतं. खालच्या नोकरांनी लाच खाऊन प्रती बदलल्या, आकडे मनाने भरले. त्यात धान्याचे भाव पडले. सारा डोईजड झाला आणि रयतेने जमिनी टाकल्या. काही कुटुंबं तर हद्द ओलांडून निजामाच्या मुलखात गेली. इंदापूर तालुक्यात पडीक रानं वाढत चालली.

१८३५ मध्ये त्याच इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन इंग्रज अधिकारी कामाला लागले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. ही जमीन किती पिकवते हे विचारायचंच नाही. ही त्या जमिनीपेक्षा किती सरस वा निरस, एवढंच विचारायचं. मातीचा प्रकार बघा, हाताने खोली मोजा, सगळ्यात उत्तम ती सोळा आणे, मग उतरत उतरत दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती. चुनखडी, वाळू, उतार, पाणथळपणा असे दोष दिसले की प्रत खाली. तालुक्याचा एकूण आकार मात्र मागच्या वसुलीचा इतिहास, बाजारपेठेचं अंतर आणि अनुभव पाहून ठरवायचा, आणि तो तीस वर्षं हलवायचा नाही. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही रीत मुंबई इलाख्याला बांधून दिली. मोजणीची साखळी ३३ फुटी. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, म्हणून आजही गुंठा १,०८९ चौरस फुटांचाच. सातबाऱ्यावर दिसणारा 'आकार' हा याच खटाटोपाचा वंशज.

मला या जोडगोळीचं कौतुक वाटतं ते एका कारणासाठी. आज वर्गात ज्याला तुलनात्मक पद्धत म्हणतात, तिचा गाभा त्यांनी ओळखला होता. वस्तूची निखळ किंमत सापडत नाही. शेजारच्या वस्तूशी ताडून पाहिली की काही तरी हाती लागतं.

इंग्लंडात दरम्यान वेगळी घडामोड चालू होती. रेल्वेने गावोगावच्या जमिनी घेतल्या, नुकसानभरपाईचे दावे उभे राहिले आणि जमीन मोजून तिची किंमत ठरवणारा सर्व्हेयर नावाचा व्यवसाय बळावला. १८६८ मध्ये लंडनला त्यांची संस्था निघाली. तीच आजची आर.आय.सी.एस. (रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेयर्स). पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस लंडन विद्यापीठाने इस्टेट मॅनेजमेंटची पदवी सुरू केली. म्हणजे तिथेही आधी धंदा, मग संस्था, मग पदवी.

आपल्याकडे रेल्वेच्या जागी सरकार उभं होतं. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि वस्त्या पाडून रस्ते काढायचे तर मालकाला पैसे द्यायला हवेत हा प्रश्न रोजचा झाला. १८९४ चा भूसंपादन कायदा हाताशी होता: बाजारभाव आणि वर सक्तीच्या संपादनापोटी पंधरा टक्के. बाजारभाव म्हणजे काय, ते मात्र कोर्टाने एकेका दाव्यात ठरवायचं. १९१४ मध्ये मुंबई सरकारने सल्लागार सर्व्हेयरचं कार्यालय उघडलं. नगररचना आणि मूल्यनिर्धारण हे दोन शब्द महाराष्ट्रात एकाच खात्याच्या नावात नांदतात त्याचं मूळ तिथे. १९१५ च्या नगररचना कायद्याने सगळे भूखंड एकत्र करून, नव्याने आखून वाटायची योजना आणली. आधीच्या तुकड्याची किंमत, नंतरच्या तुकड्याची किंमत आणि मधल्या वाढीतला मालकाचा वाटा, सगळा खेळ मूल्यांकनाचा. पुण्यात शिवाजीनगर-एरंडवण्याच्या पत्त्यांत 'एफ.पी. नंबर' लागतो ना, तो अंतिम भूखंडाचा क्रमांक म्हणजे त्या गणिताची खूण.

कोर्टाने काय शिकवलं याचा एकच नमुना देतो, कारण तो मला फार आवडतो. विशाखापट्टणमच्या बंदराजवळ मलेरिया हटवण्यासाठी सरकारने एका जमीनदाराची जमीन घेतली. तिच्यात गोड्या पाण्याचा झरा होता. जमीनदार म्हणाला, या पाण्याची किंमत धरा. सरकार म्हणालं, ते पाणी विकत घेणारं गिऱ्हाईक एकच, बंदर खातं, आणि जमीन तर त्याच्यासाठीच घेतोय. मग बाजार कुठला आणि भाव कसला? १९३९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील कोर्टाने, जमीनदाराचं म्हणणं उचलून धरलं. गिऱ्हाईक एकच असलं तरी राजीखुशीने घेणारा आणि राजीखुशीने देणारा कल्पून जमिनीच्या सुप्त उपयोगाची किंमत धरलीच पाहिजे. असे निकाल हीच बराच काळ या विषयाची क्रमिक पुस्तकं होती. वकिलाच्या पायरीवर बसून इंजिनिअर ते शिकत.

आणि मग मुंबईची चाळ. भाड्यावरून किंमत काढायची पद्धत सोपी: निव्वळ वार्षिक भाडं ६०,००० आणि अपेक्षित परतावा सहा टक्के, तर मालमत्ता दहा लाखांची. १९४७ च्या भाडे कायद्याने प्रमाण भाडं, म्हणजे मालकाला घेता येणारं कमाल भाडं, १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला खिळून ठेवलं. समजा गिरगावातल्या खोलीचं भाडं महिना शंभर. त्याच सूत्राने खोलीची किंमत २०,००० रुपये! पागडीत तीच खोली कितीला हात बदलते हे नाक्यावरच्या पानवाल्यालाही ठाऊक. सूत्र चुकलेलं नव्हतं, भाडं मेलेलं होतं. पालिकेचा मालमत्ता करही करपात्र मूल्यामार्गे याच मेलेल्या भाड्याला बांधलेला, तो सुटायला २०१० मध्ये भांडवली मूल्याची पद्धत यावी लागली. भाडं असं गोठवणं आता समर्थनीय राहिलेलं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटलं. मुंबईत व्हॅल्युएशन शिकणाऱ्याला हा सगळा इतिहास टाळता येत नाही. तो नसेल तर उत्तर गणिताने बरोबर आणि व्यवहारात हास्यास्पद येतं.

व्यवसायाला सरकारी शिक्का बसला तो काळ्या पैशामुळे. १९५३ चा इस्टेट ड्यूटी (मृताच्या मालमत्तेवरचा कर) कायदा आणि १९५७ चा संपत्तीकर कायदा यांना दरवेळी किंमत लागे, आणि खरेदीखतावरची किंमत खरी नसे. काळ्या पैशाचा अभ्यास करणाऱ्या वांच्छू समितीच्या अहवालानंतर १९७२ च्या दुरुस्तीने संपत्तीकर कायद्यात नोंदणीकृत व्हॅल्युअर आणला आणि करखात्यानेही आपले मूल्यांकन अधिकारी नेमले. पात्रता कोणती? सिव्हिल, आर्किटेक्चर वा नगररचनेची पदवी आणि कामाचा दीर्घ अनुभव. व्हॅल्युएशन शिकलेला माणूस हवा असं म्हणायची सोयच नव्हती, कारण तो कुठे तयारच होत नव्हता.

ही उणीव पहिल्यांदा मनावर घेतली ती गुजरातेत वल्लभ विद्यानगरच्या सरदार पटेल विद्यापीठाने. किरीट बुधभट्टींसारख्या कामात मुरलेल्या व्हॅल्युअरांच्या पाठपुराव्यातून तिथे मूल्यनिर्धारणाची पदव्युत्तर पदवी उभी राहिली, स्थावर मालमत्ता आणि यंत्रसामग्री अशा दोन शाखांची. मुंबई-पुण्याकडे व्यवसाय इतका जुना, सरकारी खातं १९१४ चं, तरी या विषयाची पदवी घ्यायला इथला माणूस आणंदची गाडी पकडे. याचं मला अजूनही नवल वाटतं. कदाचित इथे कामच भरपूर होतं.

संपत्तीकर १ एप्रिल २०१६ पासून संपला. तरी भांडवली नफ्यावरच्या करासाठी '१ एप्रिल २००१ ला या घराची किंमत किती होती' असा दाखला मागायला लोक येतच राहिले. पाठोपाठ कंपनी कायद्याच्या कलम २४७ खाली २०१७ चे नियम आले, व्हॅल्युअरांची नोंदणी केंद्राच्या दिवाळखोरी मंडळाकडे (आय.बी.बी.आय.) गेली, आणि पन्नास तासांचा वर्ग, संगणकावरची परीक्षा आणि साठ टक्क्यांचा उंबरठा असा नवा रस्ता तयार झाला. २०२० मध्ये एम. एस. साहू समितीने या व्यवसायासाठी स्वतंत्र कायदा आणि राष्ट्रीय संस्था सुचवली.

त्या २०१७ च्या नियमांत जमीन-इमारत वर्गासाठी एक तपशील आहे. साध्या सिव्हिल पदवीधराला पाच वर्षांचा अनुभव लागतो. मूल्यनिर्धारणाचा दोन वर्षांचा पूर्णवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रम केला असेल, तर तीन वर्षं पुरतात. म्हणजे दोन वर्षं शिकायची आणि दोन वर्षं वाचवायची. फी वेगळी.