नामाश्रित ‘दॅट’-वाक्य (इंग्रजी व्याकरण)

नामाश्रित ‘दॅट’-वाक्य : इंग्रजीत ‘फॅक्ट’, ‘आयडिया’, ‘होप’, ‘न्यूज’, ‘रुमर’ अशा अमूर्तार्थी नामाला लागून येणारे, त्या नामाचा आशय सांगणारे आणि ‘दॅट’ या अव्ययाने सुरू होणारे गौण वाक्य. ‘द रुमर दॅट द ब्रिज हॅज कोलॅप्स्ड’ म्हणजे पूल कोसळल्याची अफवा. येथे ‘दॅट’पुढचे वाक्य म्हणजेच ती अफवा. ऑटो येस्पर्सन यांनी अशा वाक्यांना आशयवाक्ये म्हटले. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच व स्वार्टविक यांच्या १९८५ च्या बृहद्‍व्याकरणात ती समानाधिकरण (नामाच्याच बरोबरीने ठेवलेली, तोच अर्थ सांगणारी) ठरतात, तर हडलस्टन व पुलम यांच्या २००२ च्या केंब्रिज व्याकरणात येस्पर्सन यांची संज्ञा कायम ठेवून त्यांना नामाचे पूरक (क्रियापदाला कर्म, तसा नामाला अर्थ पुरा करायला लागणारा घटक) मानले आहे. भारतात नेस्फील्ड आणि पुढे रेन व मार्टिन यांच्या शालेय व्याकरणांनी ‘नाउन क्लॉज इन अ‍ॅपोझिशन’ हे नाव रुळवले. मराठी माध्यमातून शिकलेल्या पिढ्यांना वाक्यपृथक्करणाच्या प्रश्नातून ते ओळखीचे आहे.

विशेषणवाक्याशी साम्य : ‘दॅट’ हेच रूप संबंधी सर्वनाम म्हणूनही येत असल्याने दोन रचना सारख्याच दिसतात. ‘द न्यूज दॅट ही ब्रॉट’ आणि ‘द न्यूज दॅट ही हॅड रिझाइन्ड’ यांत पहिल्या वाक्यात ‘ब्रॉट’चे कर्म गाळलेले आहे आणि ते स्थान ‘न्यूज’ भरून काढते. दुसरे वाक्य स्वतःपुरते पूर्ण आहे. पहिल्यात ‘दॅट’च्या जागी ‘विच’ चालते, दुसऱ्यात चालत नाही. शिवाय दुसऱ्यात ‘द न्यूज इज दॅट ही हॅड रिझाइन्ड’ असे ‘इज’ घालून नाम आणि वाक्य समोरासमोर ठेवता येते. शिक्षक बहुधा ‘विच’ची कसोटी सांगतात, ‘इज’ची कसोटी अधिक बोलकी आहे, कारण रचनेचा अर्थच ती उघड करते.

मराठीत हा घोळ होत नाही. ‘त्याने आणलेली बातमी’ आणि ‘त्याने राजीनामा दिल्याची बातमी’ यांत फरक क्रियापदाच्या रूपातच पडतो : -लेला हे कृदन्त नामाला विशेषण पुरवते, -ल्याचा हे त्याचा आशय सांगते. ‘द कम्प्लेंट दॅट शी हॅड रिटन’ हे इंग्रजीत खरोखर द्व्यर्थी आहे. ‘तिने लिहिलेली तक्रार’ की ‘तिने लिहिल्याची तक्रार’, हे मराठी भाषांतरकाराला आधी ठरवावेच लागते. भविष्याकडे बोट असेल तर ‘येणार असल्याची बातमी’, आज्ञा वा मागणी असेल तर ‘त्याने राजीनामा द्यावा ही मागणी’. शेवटच्या उदाहरणातील विध्यर्थाला इंग्रजीतही जोड आहे : ‘द डिमांड दॅट ही रिझाइन’ येथे क्रियापदाला तृतीयपुरुषी ‘एस’ लागत नाही. ब्रिटिश लेखनात तेथे ‘शुड रिझाइन’ही बरेच आढळते.

नामांची निवड : सगळीच अमूर्त नामे असे वाक्य घेत नाहीत. ‘बिलीफ’, ‘क्लेम’, ‘सजेशन’ ही क्रियापदांवरून, ‘सर्टन्टी’, ‘पॉसिबिलिटी’, ‘अवेअरनेस’ ही विशेषणांवरून आली आणि मूळ शब्दाची सवय त्यांनी टिकवली, असे म्हणता येते. मात्र ‘फॅक्ट’, ‘आयडिया’, ‘न्यूज’ यांना असा आधार नाही, आणि नेमकी हीच नामे वारंवार भेटतात. भाषाशास्त्रज्ञ हान्स-यॉर्ग श्मिड यांनी २००० मध्ये अशा नामांना ‘कवचनामे’ म्हटले : नाम हे पोकळ कवच, आत काय आहे ते वाक्य सांगते. त्यांनी तथ्यविषयक, भाषिक, मानसिक, शक्यतादर्शक, घटनाविषयक आणि परिस्थितिविषयक असे सहा वर्ग केले. ‘अ‍ॅलिगेशन’ म्हटले की लेखक अंग राखतो, ‘फॅक्ट’ म्हटले की वाचकाला वाद घालायला जागा उरत नाही. एकाच वाक्याला कोणते कवच चढवायचे, हा वृत्तलेखनातील नित्याचा निर्णय असतो. बायबर व सहकाऱ्यांच्या १९९९ च्या व्याकरणानुसार ही रचना शास्त्रीय गद्यात आणि वृत्तपत्रांत भरपूर, तर संभाषणात विरळ आहे.

क्रियापदानंतरचा ‘दॅट’ बोलण्यात सर्रास गळतो, नामानंतरचा सहसा टिकतो. वाक्य लांबलचक असेल तर ते नामापासून तुटून शेवटीही जाते : ‘अ रुमर स्प्रेड दॅट द ब्रिज हॅड कोलॅप्स्ड’.

पूरक की समानाधिकरण : या रचनेवरील बहुतेक विवेचन या एकाच प्रश्नाभोवती फिरते. ‘ही क्लेम्ड दॅट…’ मध्ये वाक्य क्रियापदाचे कर्म आहे. म्हणून ‘हिज क्लेम दॅट…’ मध्येही ते नामाचे कर्मवत पूरक असावे, हा एक पक्ष. रूपांतरणवादी (एका वाक्यरचनेतून दुसरी नियमांनी साधणाऱ्या, चॉम्स्कीप्रणीत) व्याकरणाच्या पहिल्या दशकांत तोच गृहीत होता. १९६७ च्या प्रबंधात जॉन रॉस यांनी दाखवले, की नामाच्या आश्रयाने आलेल्या वाक्यातून प्रश्नवाचक शब्द बाहेर काढता येत नाही : ‘हू डिड यू हिअर दॅट द मेयर इन्सल्टेड?’ चालते, पण मध्ये ‘द रुमर’ घालताच वाक्य मोडते. हा निर्बंध विशेषणवाक्यालाही लागू पडतो. दोन्ही रचनांना एकच बेडी का, याचे उत्तर तेव्हापासून शोधले जात आहे. पॉल व कॅरल किपार्स्की यांनी १९७० मध्ये उलट दिशेने विचार करून ‘रिग्रेट’ (खेद वाटणे) सारख्या, सत्य गृहीत धरणाऱ्या क्रियापदांच्या वाक्यामागे एक अध्याहृत ‘द फॅक्ट’ असल्याचे सुचवले.

दुसरा पक्ष टिमथी स्टोवेल यांचा (१९८१). दावा करणे ही क्रिया, पण ‘क्लेम’ हे नाम त्या क्रियेने निर्माण झालेल्या वस्तूचे नाव. ती वस्तू आणि ‘दॅट’-वाक्य एकच असल्याने त्यांचे नाते तादात्म्याचे आहे, कर्माचे नव्हे. जेन ग्रिमशॉ यांनीही १९९० मध्ये अशी वाक्ये नामाची खरी अपेक्षित पदे नसल्याचे प्रतिपादले. ती गाळली तरी नाम अपुरे राहत नाही, हे त्यांच्या बाजूने पडते. बोबान आर्सेनियेविच (२००९) व रिचर्ड केन यांचा तिसरा पक्ष याहून टोकाचा : आशयवाक्य म्हणून वेगळे काही नाही, तेही मुळात संबंधी वाक्यच. रॉस यांच्या निर्बंधाचे कोडे त्यामुळे सुटते, पण ‘विच’ का चालत नाही याचा खुलासा ओढूनताणून करावा लागतो. ‘इज’ची कसोटी लक्षात घेता दुसरा पक्ष उपलब्ध उदाहरणांना अधिक जुळणारा वाटतो.

‘दॅट’चा उगम : प्राचीन इंग्रजीतील ‘थॅट’ हे दर्शक सर्वनामाचे नपुंसकलिंगी रूप. परंपरागत मतानुसार ‘मला ते माहीत आहे : तो येतो’ अशी दोन सुटी वाक्ये होती, ‘ते’ पुढच्या वाक्याकडे सरकून अव्यय बनले. हे मत पाठ्यपुस्तकांत अजून सर्वमान्य असल्यासारखे येते. जर्मन ‘दास’च्या समांतर विकासावरून काटरिन आक्सेल यांनी त्याला आक्षेप घेतला. त्यांच्या मते मधली पायरी संबंधी वाक्याची असावी. सुट्या वाक्यांची अवस्था गृहीत धरलेली आहे, लिखित पुराव्यात ती स्वच्छ सापडत नाही, हा आक्षेप वजनदार आहे.

मध्य इंग्रजीत ‘दॅट’ इतर अव्ययांनाही सहज चिकटे. चौदाव्या शतकातील कवी चॉसरच्या ‘व्हॅन दॅट’ (आजचे ‘व्हेन’) मध्ये ते दिसते. १६११ च्या बायबल भाषांतरात ‘बिफोर दॅट’, ‘आफ्टर दॅट’ आहेत. पुढे ही सोय आटली. आजच्या इंग्रजीत ‘इन दॅट’, ‘एक्सेप्ट दॅट’ असे मोजके अपवाद वगळता शब्दयोगी अव्ययाला ‘दॅट’-वाक्य जोडता येत नाही. ‘डिस्पाइट’नंतर ते आणायचे तर मध्ये ‘द फॅक्ट’ घालावेच लागते. ‘फॅक्ट’ हा शब्द लॅटिन ‘फाक्टुम्’वरून साधारण सोळाव्या शतकात आला तेव्हा त्याचा अर्थ ‘कृत्य’ होता. ‘आफ्टर द फॅक्ट’ या कायद्यातील प्रयोगात तो अजून जिवंत आहे. ‘वस्तुस्थिती’ हा अर्थ नंतरचा, आणि ‘द फॅक्ट दॅट’चा आजचा सुळसुळाट त्याहून अलीकडचा असावा. १९१८ मध्ये लेखनशैलीच्या मार्गदर्शिकेत विल्यम स्ट्रंक यांनी हा प्रयोग दिसेल तेथे काढून टाकावा असा आदेशच दिला. शब्दयोगी अव्ययाची अडचण मात्र त्याने सुटत नाही.

मराठीतील समांतर रचना : ‘असा समज’, ‘अशी आशा’, ‘ही मागणी’ यांत आशय आधी आणि नाम नंतर, हा मराठीचा स्वाभाविक क्रम. ‘हे तथ्य, की…’ ही इंग्रजीची थेट नक्कल असून वृत्तपत्री भाषांतरांतून ती फोफावली आहे. नाम आधी येण्याची रीत मात्र परकी म्हणता येणार नाही. पेशवेकालीन पत्रांच्या आरंभी ‘विज्ञापना ऐसीजे’, ‘विनंती ऐसीजे’ असते. ‘ऐसी जे’ एवढ्यावर नाम थांबते आणि पुढचे सगळे पत्र त्या विनंतीचा आशय बनते. येथला ‘जे’ मूळचा संबंधी सर्वनाम आहे, त्यामुळे आक्सेल यांच्या मताला मराठीतून अनपेक्षित दुजोरा मिळतो. ‘जे’ची जागा पुढे ‘की’ने घेतली, व्याकरणांत दोन्ही स्वरूपबोधक (आधीच्या शब्दाचे स्वरूप उलगडणारी) अव्यये म्हणून एकत्र नोंदली जातात. ‘की’ काहींच्या मते फारसी ‘कि’पासून, तर काहींच्या मते संस्कृत ‘किम्’पासून आला. ‘किंवा’ या अर्थाचा ‘कीं’ ज्ञानेश्वरीत आहे, पण आशयवाक्य जोडणारा ‘की’ वाढला तो फारसी दरबारी लेखनाच्या सहवासात, असे मानणे सयुक्तिक दिसते.